एक अब्ज शहात्तर कोटींचें कोडें

१७६६३१९०४९ ही संख्या वाचकांपैकीं किती जणांच्या पूर्वीं पाहण्यांत आली असेल, कोण जाणे. एकं, दहं, शतं करीत उजवीकडून मोजीत गेलें असतां ती एक अब्ज शहात्तर कोटि त्रेसष्ट लक्ष एकोणीस सहस्र एकोणपन्नास भरते. वरवर पाहतां तिच्यांत डोळ्यांत भरण्याजोगें कांहींच नाहीं. तिचे अंक उलटसुलट वाचतां सारखे येत नाहींत. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांप्रमाणें तिच्यामागें एखाद्या राजाची गोष्टहि नाहीं. असें असून सह्याद्रीच्या आश्रयानें राहणाऱ्या एका पुरुषानें आठशेंहून अधिक वर्षांपूर्वीं ती कागदयंत्राच्या साहाय्यावांचून शोधून काढली, आणि पुढें पांचशें वर्षांनीं फ्रान्समधील एका विद्वानानें, ती ज्या प्रश्नाचें उत्तर आहे तोच प्रश्न, आपल्या काळच्या गणितज्ञांची परीक्षा पाहण्यासाठीं पुढें टाकला. या संख्येची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. लेखांत आंकडेमोड आहे, हें आधींच सांगून टाकतों. परंतु ती चवथ्या इयत्तेच्या पलीकडची नाहीं.

प्रश्न असा आहे. एक पूर्ण संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, त्या वर्गास ६१ नीं गुणावें व गुणाकारांत एक मिळवावा. येणारी बेरीज पुन्हा कोणत्या तरी पूर्ण संख्येचा वर्ग झाली पाहिजे. अशी संख्या कोणती?

ऐकावयास हें फारच सोपें वाटतें, आणि ६१ च्या शेजारपाजारच्या संख्यांच्या बाबतींत तें खरोखरच सोपें आहे. ६० घ्या. चाराचा वर्ग सोळा, त्याची साठपट ९६०, त्यांत एक मिळविला कीं ९६१, आणि हा तर ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर आठाचा वर्ग चौसष्ट, त्याची बासष्टपट ३९६८, एक मिळवून ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. ६३ च्या वेळीं तर कष्टच नाहींत : एकाचा वर्ग एक, त्रेसष्ट आणि एक चौसष्ट, झाला आठाचा वर्ग. पाढे पाठ असलेल्या कोणाहि मुलानें हीं उत्तरें बसल्या बैठकीस काढावीं. मग साठ आणि बासष्ट यांच्या मधोमध बसलेल्या ६१ नें असें काय पाप केलें आहे? परंतु तेथें लहानांत लहान उत्तर येतें तें २२,६१,५३,९८० ! या संख्येचा वर्ग करून, ६१ नीं गुणून, एक मिळविला म्हणजे जी बेरीज होते तिचें वर्गमूळ म्हणजे आपली ही १७६६३१९०४९. तिच्या अलीकडे, एकापासून बावीस कोटींपर्यंत, चालणारी एकहि संख्या नाहीं. शंभराच्या आंतील सर्व गुणक घेतले (४, ९, १६ असे जे स्वतःच वर्ग आहेत ते वगळून), तरी इतकें मोठें उत्तर दुसऱ्या कोणाचेंहि येत नाहीं. खालोखाल ९७ येतो. पण त्याची मजल ६३,७७,३५२ पर्यंतच जाते.

माझ्या शाळेंतील दिवसांची एक हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. गणितांत कच्चा म्हणून ज्याची ख्याति होती अशा एका मुलानें हें कोडें माझ्या तोंडून ऐकलें आणि कोणास न सांगतां तो एकापासून एकेक संख्या घेऊन पडताळीत बसला. दोन दिवसांनीं त्यानें माझ्यापुढें वही ठेविली. तींत पांचशेंपर्यंतचीं गणितें होतीं, बहुतेक बरोबर. "गुरुजी, अजून किती जायचें?" एवढेंच त्यानें विचारलें. मीं त्याला फळ्यावर हिशेब करून दाखविला. प्रत्येक पडताळणीस एक मिनिट धरलें आणि झोप, जेवण, शाळा सर्व सोडून रात्रंदिवस हेंच चालविलें, तरी बावीस कोटींवर पोंचण्यास सुमारें ४३० वर्षें लागतील. भास्कराचार्यांच्या काळीं कोणी आरंभ केला असता तर तो सन १५८० च्या सुमारास सुटला असता. मुलगा हसला नाहीं. तो म्हणाला, "मग त्यांनीं काढलें कसें?" गणिताच्या तासाला विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न मला ठाऊक नाहीं, आणि ज्याला आम्ही मठ्ठ समजत होतों त्याच्या तोंडून तो आला, हें मला अजून आठवतें.

त्यांनीं तें काढलें तें रीतीनें. ती रीति पाहण्यापूर्वीं चार शब्दांची ओळख हवी. आपल्या जुन्या गणितांत या प्रकरणाला वर्गप्रकृति म्हणतात. ज्या संख्येनें गुणावयाचें ती प्रकृति (येथें ६१); जी मिळवावयाची तो क्षेप; आरंभीं ज्या संख्येचा वर्ग करावयाचा तें कनिष्ठ मूळ, व शेवटीं ज्याचा वर्ग निघतो तें ज्येष्ठ मूळ. आपल्याला क्षेप एक हवा आहे. पण तो एकदम मिळत नसेल तर दुसऱ्या एखाद्या क्षेपावर काम भागवून, मग हळूहळू त्याला एकावर आणतां येईल काय, हा खरा विचार.

या विचाराचा पाया ब्रह्मगुप्तानें घातला. त्याचा ब्रह्मस्फुटसिद्धांत सन ६२८ मधला. त्यांत त्यानें ९२ या प्रकृतीचें उदाहरण घालून, तें वर्षाच्या आंत सोडवील त्यालाच गणक म्हणावें असें आव्हान दिलें आहे. (उत्तर कनिष्ठ १२०, ज्येष्ठ ११५१, ब्रह्मगुप्ताच्या रीतीनें वर्ष तर राहोच, घटकाभरहि लागत नाहीं.) त्याच्या युक्तीचें नांव भावना. कनिष्ठ, ज्येष्ठ आणि क्षेप यांचीं दोन त्रिकुटें हातीं असलीं म्हणजे त्यांपासून तिसरें बनवितां येतें. पहिल्याचें कनिष्ठ दुसऱ्याच्या ज्येष्ठानें आणि दुसऱ्याचें कनिष्ठ पहिल्याच्या ज्येष्ठानें गुणावें. हा तिरपा गुणाकार, यालाच वज्राभ्यास म्हणतात. या दोन गुणाकारांची बेरीज हें नवें कनिष्ठ. दोन ज्येष्ठांचा गुणाकार, आणि दोन कनिष्ठांचा गुणाकार प्रकृतीनें गुणून जें येईल तें, यांची बेरीज हें नवें ज्येष्ठ. आणि दोन क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. एकाच त्रिकुटाचा स्वतःशींहि असा संयोग करतां येतो. बीजगणित येणाऱ्या वाचकांनीं अक्षरें घेऊन पडताळून पाहावें; चार ओळींत सिद्ध होतें. शेवटीं आपल्याला क्षेप एक हवा आहे, आणि एकास एकानें गुणलें तरी एकच राहतो; म्हणून एकदां एक उत्तर सांपडलें कीं भावनेनें पुढें अनंत उत्तरें मिळतात. अडचण पहिल्याचीच.

आतां प्रत्यक्ष ६१ कडे वळूं. पाटी घेऊन बसणाऱ्यांनीं येथून पुढें माझ्याबरोबर यावें.

६१ च्या जवळचा वर्ग ६४. म्हणून कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३; कारण ६१ आणि ३ मिळून ६४. हें झालें पहिलें त्रिकुट. दुसरें त्रिकुट असें घ्यावयाचें कीं ज्याचें कनिष्ठ एक, ज्येष्ठ आपल्या मर्जीची कोणतीहि संख्या, आणि क्षेप त्या संख्येच्या वर्गांतून ६१ वजा करून जो उरेल तो. असें त्रिकुट फुकटच मिळतें. दोहोंची भावना केली म्हणजे नवें कनिष्ठ होतें मर्जीची संख्या अधिक आठ. या कनिष्ठास आपल्या पहिल्या क्षेपानें, म्हणजे तिहींनीं, नेमका भाग जाईल अशीच ती मर्जीची संख्या निवडावयाची, हें चक्रवालाचें मर्म. अशा संख्या १, ४, ७, १०. यांपैकीं जिचा वर्ग ६१ च्या सर्वांत जवळ ती घ्यावी. सातांचा वर्ग ४९, फरक बाराचा, म्हणून सात. कनिष्ठ १५, ज्येष्ठ ११७, क्षेप ऋण ३६. कनिष्ठ व ज्येष्ठ यांना तिहींनीं भागलें तर क्षेपाला नवांनीं भागावें लागतें. राहिलें काय? कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९, क्षेप ऋण ४. पडताळा पाहा : पांचाचा वर्ग पंचवीस, त्याची एकसष्टपट १५२५, त्यांतून चार गेले १५२१, आणि एकोणचाळिसांचा वर्ग १५२१. एकाच फेरींत आपण येथवर आलों.

आतां क्षेप चार आला म्हणजे ब्रह्मगुप्ताच्या वारसाचें भाग्य उघडलें असें समजावें. कारण चाराचें वर्गमूळ दोन. मुळांना दोहोंनीं भागलें कीं क्षेप चाराचा एक होतो. कनिष्ठ २॥, ज्येष्ठ १९॥, क्षेप ऋण १. अपूर्णांक आले म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं लहानपणीं निमकी आणि अडीचकी पाठ केली आहे त्यांना तर मुळींच नाहीं. या त्रिकुटाची स्वतःशींच भावना करावी : कनिष्ठ ९७॥, ज्येष्ठ ७६१॥, क्षेप धन १. प्रश्न सुटला, पण अपूर्णांकांत. आपल्याला पूर्णांक हवे आहेत. म्हणून या नव्या त्रिकुटाची आधींच्या अडीच-साडेएकोणिसांशीं भावना करावी. अडीच गुणिलें ७६१॥ म्हणजे १९०३॥।, आणि साडेएकोणीस गुणिलें ९७॥ म्हणजे १९०१।; बेरीज नेमकी ३८०५. अपूर्णांक गेले! त्याच रीतीनें ज्येष्ठ २९७१८ येतें. क्षेप मात्र ऋण १. तो ऋणाचा धन करण्यास एकदां स्वतःशीं भावना पुरे :

कनिष्ठ = २ × ३८०५ × २९७१८ = २२६१५३९८०

ज्येष्ठ = २९७१८ चा वर्ग + ६१ × ३८०५ चा वर्ग = ८८३१५९५२४ + ८८३१५९५२५ = १७६६३१९०४९

चारशें तीस वर्षांचें काम अर्ध्या तासांत आटोपलें. शेवटच्या ओळींतील दोन संख्या पाहा. त्यांत एकाचाच फरक आहे. हेंच ऋण एक क्षेपाचें प्रत्यक्ष दर्शन. आमच्या संख्येचा एक गुण यांतून सहज हातीं येतो : ती एखाद्या वर्गाची दुप्पट अधिक एक आहे, आणि तो वर्ग २९७१८ चा.

भास्कराचार्यांनीं आपल्या बीजगणितांत ६१ चें उदाहरण याच वाटेनें सोडविलें आहे. क्षेप चार येतांच त्यांनीं भावनेची जवळची वाट धरली. ती न धरतां चक्रवालच फिरवीत राहिलों, तर पहिली मांडणी धरून चौदाव्या फेरीस तेंच उत्तर मिळतें. लांबच्या वाटेवर दुसऱ्या मुक्कामाला ५ आणि ३९, सातव्याला ३८०५ आणि २९७१८ हीं आपलीं परिचयाचीं मुळें भेटतात, आणि सातव्यानंतर क्षेपांची मागचीच माळ उलट चिन्हांनीं पुन्हा फिरूं लागते. चक्रवाल म्हणजे वर्तुळ, कडें. नांव ठेवणाऱ्यानें तें पाहून ठेविलें आहे.

उत्तर खरें कशावरून, असें कोणी विचारील. विचारलेंच पाहिजे. पुरा पडताळा पाहण्यास कनिष्ठाचा वर्ग ५११४५६२२६६९८४०४०० येतो. त्याची एकसष्टपट ३११९८८२९८२८६०२६४४००. त्यांत एक मिळविला कीं ३११९८८२९८२८६०२६४४०१, आणि हाच १७६६३१९०४९ चा वर्ग. एवढा गुणाकार करण्याचा कंटाळा असेल त्यांनीं नवाचा ताळा घ्यावा. कनिष्ठाच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे त्याला नवानें भाग जातो. ज्येष्ठाच्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे दहा, म्हणजे एक. ६१ गुणिलें शून्य अधिक एक बरोबर एकाचा वर्ग. जमलें. अकराचा ताळा घेणारांस आणखी एक गोष्ट दिसेल : आमच्या ज्येष्ठाला अकरानें नेमका भाग जातो आणि १६०५७४४५९ येतात. कनिष्ठ तर पुरतें फोडतां येतें : दोनांचा वर्ग, तिहींचा वर्ग, ५, १३, १२७ आणि ७६१ यांचा तो गुणाकार. त्या ७६१ वर वाचकांची नजर अडखळली असेल. मघांच्या ७६१॥ शीं त्याचा संबंध लावण्याचा मोह होतो. वस्तुतः तो ३८०५ चा पांचवा भाग आहे.

वर जो वर्ग दिला त्याचे अंक मोजले तर एकोणीस भरतात. लीलावतींत भास्कराचार्यांनीं एकापासून परार्धापर्यंत अठराच स्थानांचीं नांवें सांगितलीं आहेत. म्हणजे या उत्तराचा पडताळा परार्धाच्याहि पलीकडे, जेथें संख्येच्या स्थानाला नांव उरत नाहीं तेथें, जाऊन पोंचतो. आचार्यांनीं तो करून पाहिला असेल काय? भावना बरोबर असेल तर करण्याची गरज नाहीं, हें त्यांना ठाऊक होतें.

संख्या लक्षांत ठेवण्यास आपल्या पूर्वजांची भूतसंख्यांची तऱ्हा फार सोयीची. एककापासून डावीकडे जावयाचें : अंक, वेद, ख, नंद, शशी, राम, रस, ऋतु, अद्रि, चंद्र. नऊ, चार, शून्य, नऊ, एक, तीन, सहा, सहा, सात, एक. ही माळ माझीच, आचार्यांची नव्हे. पण घरांतल्या मुलांना दोनदां म्हणावयास लावली तर टेलिफोनच्या नंबरापेक्षां लवकर पाठ होते, असा माझा अनुभव आहे.

"पण या सगळ्याचा उपयोग काय?" हा प्रश्न सुशिक्षित घरांतून हमखास येतो. एक उपयोग सांगतों. ६१ चें वर्गमूळ पूर्णांकांत नाहीं, अपूर्णांकांतहि नेमकें मांडतां येत नाहीं. पण आपल्या ज्येष्ठाला कनिष्ठानें भागलें तर जें येतें तें दशांशचिन्हानंतर सतरा अंकांपर्यंत खऱ्या वर्गमुळाशीं जुळतें : ७.८१०२४९६७५९०६६५४३९. ही सूक्ष्मता केवढी? सूर्य पृथ्वीपासून सुमारें पंधरा कोटि किलोमीटर दूर आहे. तेवढें अंतर याच प्रमाणाच्या चुकीनें मोजलें, तर चूक माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी पडेल. ज्यांचें नित्याचें काम ग्रहगणिताचें, त्यांना सूक्ष्म वर्गमुळांची गोडी कां, हें निराळें सांगावयास नको. तथापि मला विचाराल तर ६१ च्या या प्रश्नामागें पंचांगाची गरज नव्हती. शेजारची प्रत्येक संख्या सोडून बरोबर हीच निवडणारा मनुष्य खेळत होता, आणि आपलें हत्यार किती धारदार आहे तें दाखवीत होता.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे सन १११४ चा. छत्तिसाव्या वर्षीं, सन ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि रचला. शांडिल्य गोत्र, पिता महेश्वर, गांव सह्यपर्वताच्या आश्रयानें वसलेलें विज्जडविड, इतकें त्यांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे. तें गांव नेमकें कोणतें याविषयीं विद्वानांत वाद आहे, आणि महाराष्ट्र व कर्नाटक दोघेहि त्यांना आपले म्हणतात. मात्र चाळीसगांवजवळच्या पाटणचा शिलालेख निर्विवाद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो उजेडांत आणला. आचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाचे ज्योतिषी. त्यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला आणि सन १२०७ च्या सुमारास त्यास जें दान मिळालें त्याचा हा लेख. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे. पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालावरील अमुक हिस्सा मठास द्यावा, असा त्यांत मजकूर आहे. बीजगणित शिकविण्याचा खर्च बाजारांतील देवघेवीवर बसवावा, ही कल्पना आजच्या शिक्षणखात्यालाहि सुचण्यासारखी नाहीं.

लोकांना मात्र या सर्वांतील लीलावतीच्या लग्नघटिकेंत मोती पडल्याचीच कथा तेवढी ठाऊक असते. ती फैजीनें सन १५८७ मध्यें केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतराबरोबर आपल्यापर्यंत आली. गोष्ट करुण आहे, कोणी सांगूं नये असें मी म्हणत नाहीं. पण मोती सर्वांस माहीत आणि चक्रवाल कोणासच नाहीं, हें कांहीं ठीक नव्हे.

आतां पश्चिमेकडे. सन १६५७ मध्यें पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञानें हाच प्रकार युरोपांतील गणितज्ञांपुढें ठेविला, आणि फ्रेनिकल या आपल्या मित्रास लिहितांना, फार श्रम पडूं नयेत म्हणून लहानसे गुणक देतों, असें म्हणून ६१ आणि १०९ दिले! थट्टा ज्याला कळते त्याला फर्माचा स्वभाव यावरून कळावा. इंग्लंडांत लॉर्ड ब्राउंकर यानें उत्तर काढण्याची रीति बसविली; वॉलिस यानें ती प्रसिद्ध केली. पुढें ऑयलर या थोर गणितज्ञाच्या लेखांतून हें श्रेय पेल नांवाच्या तिसऱ्याच इंग्रजाला चिकटलें, आणि आज जगभरच्या पुस्तकांत हें समीकरण पेलच्याच नांवानें चालतें. पेलचा बिचाऱ्याचा त्यांत अपराध कांहीं नाहीं. वर्ग नसलेल्या प्रत्येक गुणकाला उत्तर असतेंच, ही गोष्ट लाग्रांज यानें १७६८ च्या सुमारास सिद्ध केली.

येथें आपल्याकडील पुष्कळांना स्फुरण चढतें, आणि फर्मानें आपलेंच चोरलें असें बोलण्यापर्यंत मजल जाते. त्याला कांहींहि आधार नाहीं. भास्कराचार्यांच्या बीजगणिताचें कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर लंडनला छापलें गेलें तें १८१७ सालीं, फर्माच्या पश्चात् दीडशें वर्षांनीं. तें वाचल्यावर मात्र युरोपियनांनीं हात आखडता घेतला नाहीं. हांकेल या जर्मन पंडितानें १८७४ सालच्या आपल्या ग्रंथांत, लाग्रांजच्या पूर्वीं संख्याशास्त्रांत जें जें झालें त्यांत चक्रवाल हें सर्वांत सुंदर, असा अभिप्राय दिला.

त्याबरोबर दुसरीहि बाजू सांगितली पाहिजे. चक्रवाल अखेरीस एकावर येतेंच येतें, याची सिद्धता आचार्यांनीं दिलेली नाहीं. रीति देणें आणि ती कधींच फसत नाहीं हें सिद्ध करणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसरी लाग्रांजनें केली, ती त्याच्या स्वतःच्या रीतीपुरती. आपल्या चक्रवालाची सिद्धता व्हावयास १९३० च्या आसपासचें साल उजाडावें लागलें, आणि ती मैसूरकडील प्राध्यापक अ. अ. कृष्णस्वामी अय्यंगार यांनीं केली. (पुढें प्रसिद्धीस आलेले कवि ए. के. रामानुजन् हे त्यांचेच चिरंजीव.) शिवाय चक्रवाल हें सर्वस्वीं भास्कराचार्यांचें, असेंहि आतां म्हणतां येत नाहीं. उदयदिवाकर यानें सन १०७३ मध्यें लिहिलेल्या सुंदरी नांवाच्या टीकेंत जयदेव नामक आचार्याच्या पद्यांचा उतारा आहे आणि त्यांत ही रीति स्पष्ट सांगितलेली आहे. कृपाशंकर शुक्ल यांनीं १९५४ मध्यें ती गोष्ट प्रसिद्ध केली. हा जयदेव गीतगोविंदकाराहून निराळा, आणि भास्कराचार्यांच्या निदान पाऊणशें वर्षें आधींचा. म्हणजे पेलचें नांव खोडून तेथें भास्कराचार्यांचें लिहूं पाहणाऱ्यांनीं लेखणी जरा थांबवावी. पेलला चुकून मिळालेलें श्रेय आपल्याला खुपतें, तर जयदेवाचें बुडालेलें श्रेयहि तितकेंच खुपलें पाहिजे. मला स्वतःला यानें आचार्यांचा मोठेपणा तिळभर कमी झाला असें वाटत नाहीं. आधींच्यांचें ऋण त्यांनीं कधीं लपविलें नाहीं. भावनेच्या वाटेनें ब्रह्मगुप्त त्यांच्या प्रत्येक ओळींत उभा आहे.

मोठेपणा केवळ आकारांत असता, तर आमच्या दहा अंकी संख्येला आज कोणी विचारलें नसतें. आर्किमिडीजच्या नांवावर असलेल्या सूर्याच्या गुरांच्या कोड्यांतूनहि असाच प्रश्न निघतो. त्याचें लहानांत लहान उत्तर २,०६,५४५ अंकांचें आहे, आणि तें पुरतें लिहून काढण्यास १९६५ सालीं कॅनडांत संगणकयंत्राला राबावें लागलें. २०२४ मध्यें सांपडलेल्या एका अविभाज्य संख्येचे अंक तर चार कोटि दहा लक्षांहून अधिक आहेत. एका मिनिटांत शंभर अंक वाचले तरी तिचें एक पारायण करण्यास जागून नऊ महिने लागतील. त्या संख्यांविषयीं मला आदर आहे, स्नेह नाहीं. पाटीवर मावते आणि हातानें सुटते, तरीहि अंदाजानें कधींच सांपडली नसती, अशी ही १७६६३१९०४९ मला अधिक जवळची वाटते.

ज्यांना एवढ्यानें तहान भागली नसेल त्यांच्यासाठीं फर्माचें दुसरें उदाहरण आहे, १०९ चें. आरंभ कनिष्ठ १, ज्येष्ठ १०, क्षेप ऋण ९ असा करावा. पहिल्या फेरीस मर्जीची संख्या ८ घेतली कीं २, २१ आणि क्षेप ५. दुसऱ्या फेरीस १२ घेतली कीं ९, ९४ आणि क्षेप ७. तिसऱ्या फेरीस ९ घेतली कीं २५, २६१ आणि क्षेप ऋण ४. चार आले म्हणजे पुढची वाट वर सांगितलेलीच : निम्मे करावें, मग तीन भावना. ज्येष्ठ मूळ १५८०७०६७१९८६२४९ आलें पाहिजे. मधल्या मुक्कामाचें ज्येष्ठ ८८९०१८२ येतें, तेथें थांबून नवाचा ताळा अवश्य घ्यावा.